डोंग्याचा खोडलेला नियम

भादवा सरत आला की धरणाचं पाणी आमच्या जुन्या गावावर चढतं आणि माझं डोकं तापायला लागतं. पाणी चढताना आवाज करत नाही. काल संध्याकाळी ज्या बाभळीखाली शेळ्या बसल्या होत्या, तिचा बुंधा आज सकाळी पाण्यात असतो. काठावरच्या तरोट्याचा पाला कुजून त्याचा गोडसर, मळमळवणारा वास सुटतो. पलीकडे जाणाऱ्या बैलगाडीच्या वाटेचा आधी चिखल होतो, मग ती उन्हात चकाकते, मग दिसेनाशी होते. आणि त्याच सकाळी बाया डोक्याला रुमाल बांधून, जेवणाचे डबे घेऊन काठावर येऊन उभ्या राहतात.

"आनंदा, डोंगा कधी सोडतो बे?"

आनंदा म्हणजे मी. डोंगा म्हणजे माझी नाव. यंदाही पाणी चढलं, यंदाही हाक आली आणि गेल्या वर्षीचं सगळं आठवून मला पुन्हा तसाच संताप आला. राग शिळा होतो असं ज्याला वाटतं, त्यानं कचेरीत माझ्याइतके खेटे घातले नसतील.

धरण झालं तेव्हा आमचं गाव उचलून अलीकडच्या माळावर आणून ठेवलं. घरं अलीकडे आली, शेतं पलीकडेच राहिली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावाच्या पडक्या भिंतींमधून चालत शेतात जाता येतं. पण सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापायला, येतं, कापूस फुटतो, नेमकं तेव्हाच पाणी भरलेलं असतं. धरणाच्या भिंतीवरून वळसा घालून गेलं तर अर्धा दिवस रस्त्यातच जातो. पूल होणार, असं मी मिशी काळी होती तेव्हापासून ऐकत आलो. आता मिशी पांढरी झाली. वाट पाहत बसणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून मी डोंगा केला.

'केला' हा शब्द मी समजून लिहितो आहे. विकत घेतला नाही, कुठल्या योजनेतून आणला नाही, स्वतः केला. त्याआधी मी शेगावला स्टेशनाबाहेर गाडीवर केळी विकली, मग नांदुऱ्यात भंगाराचा माल घेतला-विकला. सौदा करणं हीच माझी शाळा. डोंग्याचा पत्रा एका मोडलेल्या टाकीचा आहे. इंजिन विहिरीवरच्या पंपाचं. ते नांदुऱ्याच्या ज्या शेठकडे पडलं होतं, त्यांना मी विचारलं, "चालते का हे?"

"चालते? अरे, गाना गाते गाना!"

"मग गाऊ द्या ना."

शेठनी हँडल मारलं. इंजिन एकदा खोकललं आणि गप्प झालं. मी उठलो, चप्पल घातली. सौद्यात माणसानं चप्पल घातली की समोरच्याचा आवाज बदलतो. "अरे, बैठो ना बाप्पा," शेठ म्हणाले आणि मी बसलो. ते इंजिन मी घरी आणून खोललं, बसवलं, पुन्हा खोललं. त्याच्यापुढे दांडा, दांड्याला पंखा, मागे सुकाणू. पहिल्यांदा पाण्यात सोडला तेव्हा डोंगा एका बाजूला कलून राहिला, तर पत्रा कापून पुन्हा वेल्डिंग केलं. माझ्या हातावर त्या ठिणग्यांचे डाग अजून आहेत. डिझेलचा वास तर अंगातून गेलाच नाही. बायको रत्ना म्हणते, सणाच्या पुरणालाही तो वास येतो.

आता डोंग्याची वाट सांगायला हवी, कारण सगळं भांडण त्या वाटेचं आहे.

जुन्या गावाच्या मधून एक नाला वाहायचा. नाल्याच्या एका काठाला गाव आणि गावाचा मारुती. दुसऱ्या काठाला आमची बौद्धांची वस्ती आणि आमचा विहार. लहानपणी पावसाळ्यात तो नाला फुगला की आम्ही शाळेत जाऊ शकत नव्हतो आणि ते दुःख आम्ही आनंदानं सोसायचो. एरवी नाल्यात घोट्याएवढं पाणी असायचं. पण त्या घोट्याएवढ्या पाण्यानं किती काय अडवून धरलं होतं, ते लिहायला बसलो तर डोंगा बाजूलाच राहील.

सगळं पाण्याखाली गेलं तेव्हा भिंती राहिल्या, बाभळीची खोडं राहिली, देवळाचा कळस राहिला. तो कळस दिसत नाही, हातभर पाण्याखाली असतो. त्यावरून डोंगा गेला तर पंखा तुटलाच. खोल आणि मोकळं पाणी एकाच ठिकाणी आहे, नाल्यात. म्हणून माझा डोंगा नाल्याच्या वाटेनं जातो. जाताना उजव्या हाताला मारुती, डाव्या हाताला विहार. दुसरी वाट नाही. मी सगळ्या वाटा बांबूनं ढोसून पाहिल्या आहेत.

आणि त्या नाल्यात शिरलं की दरवेळी एक गोष्ट घडते. आधी चपला निघतात. इंजिनाच्या आवाजातही मला तो पत्र्यावरचा आवाज ऐकू येतो, चट चट चट. मग गावाकडची माणसं उभी राहतात, उजवीकडे तोंड करून हात जोडतात. आमच्या वस्तीची माणसं उभी राहतात, डावीकडे तोंड करून हात जोडतात. दोन्हीकडे नुसतं पाणी. एखादा बगळा. मी सुकाणूवर उभाच असतो, त्यामुळे माझ्यावर उठण्याची वेळ येत नाही.

उभं राहू नका म्हणून मी घसा फोडला, शिव्या दिल्या. "बसा खाली! डोंगा हाय हा, एसटी नाही!"

त्यावर गोदामाय म्हणाली. गोदामाय गावाकडची, वयानं सगळ्यांत मोठी, तोंडानंही. "काऊन बसू? देवासमोरून बसूनशान जाऊ? मले का लकवा झाला?"

"देव पाण्यात हाय, माय."

"त्याले पाण्यात आम्ही टाकलं का? तुले येवढं वाटते तं तू डोंगा हळू चालव."

गोदामायशी सौदा होत नाही. तिच्यासमोर मी चप्पल घातली तरी तिचा आवाज बदलत नाही.

गेल्या दसऱ्याला आमची वस्ती नागपूरला गेली होती. दरवर्षी जाते. एरवी मीही जातो आणि डोंगा बंद ठेवतो; गेल्या वर्षी गेलो नाही, कारण गावाकडच्या माणसांना त्या दिवशी पलीकडच्या काठावरून आपट्याची पानं आणून येताना मारुतीवर सोनं म्हणून टाकायची होती. डोंगा भरून माणसं, सगळी गावाकडची, प्रत्येकाच्या ओंजळीत पानं. नाल्यात शिरलो, चपला निघाल्या. जाताना मारुती उजवीकडे होता आणि हात रिकामे; येताना तो डावीकडे आला आणि पानं वाकून टाकायची होती. सगळी माणसं एकदम उठली आणि एकदम डावीकडे वाकली. डाव्या कडेचा पत्रा पाण्याला टेकला. पाणी आत यायला लागलं, आधी पातळ, मग जाड. कोणाचं तरी पोर किंचाळलं. मी इंजिन बंद केलं, बांबू डावीकडे रोवला आणि माझं सगळं वजन त्यावर टाकलं. "बसा! खाली बसा! मारता का सगळ्याईले!" माणसं बसली. डोंगा डचमळत सरळ झाला. आतमध्ये गुडघ्याइतकं पाणी, त्यात चपला तरंगत होत्या आणि आपट्याची पानं. सोनं आतच राहिलं होतं. गोदामाय ओली होऊन बसली होती आणि आयुष्यात पहिल्यांदाच गप्प होती.

कोणी बुडालं नाही. हे मी पुन्हा लिहितो, कारण त्यानंतर जे झालं ते जणू सगळे बुडाले अशा थाटात झालं. कोणीतरी अर्ज केला की डोंगा खराब आहे. डोंगा खराब! एका बाजूला माणसांचा डोंगर कोसळला तरी जो उलटला नाही, तो डोंगा खराब! कचेरीतून कागद आला. परवानगी नव्यानं घ्यावी, लाइफ जॅकेट ठेवावीत आणि 'निर्मात्याने दिलेली चालन-पुस्तिका' सोबत जोडावी. तोपर्यंत डोंगा बंद.

निर्माता कोण? मी. म्हणजे माझ्या डोंग्याची पुस्तिका मी मलाच द्यायची आणि मग ती कचेरीला दाखवायची. बैल विकणाऱ्याकडून बैल हाकायचं पुस्तक आण, असं कोणा शेतकऱ्याला सांगितलं असेल का? मी पाण्याला शिव्या दिल्या, कचेरीला दिल्या, मग वही आणली. रत्नाचं अक्षर चांगलं, म्हणून ती लिहायला बसली आणि मी दारात बसून सांगायला लागलो. काठावर डोंगा उपडा पडला होता. पलीकडे कापूस फुटून पांढरा झाला होता आणि बाया भिंतीवरून वळसा घालून, थकून, संध्याकाळी परत येताना माझ्या दारासमोरून मुद्दाम हळू जात होत्या.

लिहायला लागलो तेव्हा कळलं की माझ्या हातांना जे माहीत आहे, ते माझ्या तोंडाला माहीत नाही. हँडल कितीदा फिरवायचं? मी हवेत हात फिरवून पाहायचो, तेव्हा आठवायचं. वारा कुठला वाईट? डोळे मिटून गालावर कुठल्या बाजूनं लागतो ते आठवावं लागायचं. कापसाची गाठोडी मधोमध ठेवावीत. बकरीला पुढे बसवू नये, पाणी दिसलं की ती मागे सरकते आणि तिच्यामागे तिची मालकीण.

"इंजिन सुरू होत नाही तं तुम्ही त्याले शिव्या देता," रत्ना म्हणाली. "हेबी लिहू का?"

"लिही."

तिनं खरंच लिहिलं, 'इंजिन सुरू न झाल्यास चालकाने संयम ठेवावा.' आणि एकटीच कितीतरी वेळ हसली.

'प्रवाशांनी उभे राहू नये' हा पाचवा नियम. तो लिहिताना मलाच माहीत होतं की तो कोणी पाळणार नाही. मग मी विचार केला की इतकी वर्षं डोंगा का उलटला नाही? रोजच तर माणसं उठतात. का उलटला नाही? कारण रोज डोंग्यात दोन्हीकडची माणसं असतात. काही इकडे वाकतात, काही तिकडे वाकतात आणि डोंगा मधोमध सरळ जातो. दसऱ्याला आमची माणसं नागपूरला होती म्हणून तो कलला. हे मला इतकं साधं वाटलं की माझा मलाच राग आला. मी अकरावा नियम सांगितला आणि रत्नानं लिहिला: 'नाल्यातून जाताना डोंग्यात गावाकडची व वस्तीकडची अशी दोन्ही माणसे असावीत. एकाच बाजूची माणसे असल्यास डोंगा सोडू नये.'

रत्नानं पेन खाली ठेवला. "हे मंजूर होत नाही."

"काऊन? खोटं हाय का?"

"खोटं असतं तं झालं असतं."

कचेरीतल्या मॅडम वयानं माझ्या पोरीएवढ्या. वाईट नव्हत्या, हे सांगायलाच हवं. त्यांनी पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, बकरीच्या नियमाला हसल्या, मला चहा सांगितला. अकराव्या नियमावर त्यांचं बोट थांबलं.

"काका, हे काढा."

"काऊन?"

"गाव, वस्ती, हे शब्द सरकारी कागदावर नको. तक्रार होईल."

मी खुर्ची पुढे ओढली. सौदा सुरू झाला. "'दोन्ही बाजूंची' लिहू?"

"कुठल्या बाजू?"

"मारुतीची आन विहाराची."

"ते तर आणखीच झालं ना."

"'दोन्हीकडची' लिहू? नुसतं?"

"कोणी विचारलं की दोन्हीकडची म्हणजे कुठली, तर मी काय सांगू?" मग त्या आवाज खाली करून म्हणाल्या, "काका, समजा एखादी बाई आजारी आहे. डोंग्यात सगळे एकाच बाजूचे आहेत. या नियमाचं नाव सांगून उद्या कोणी तिला नेलं नाही, तर त्या नियमावर सही माझी असेल."

मॅडम बरोबर बोलत होत्या. त्या बरोबर बोलत होत्या याचाच मला जास्त राग आला. मी म्हणालो, "आजारी माणसाले मी एकट्याले घेऊन जातो, मॅडम. कोणाची वाट पाहत नाही."

"तुम्ही जाल. तुमच्यानंतर डोंगा चालवणारा?"

मी चहाचा कप ठेवला आणि मान वर केली. भिंतीवर आमच्या नव्या गावाचा नकाशा टांगला होता. धरण झालं तेव्हा काढलेला. गाव उचलून माळावर ठेवताना त्यांना सगळं नव्यानं मांडता आलं असतं. मैदान मोकळं होतं, नाला नव्हता. तरी नकाशात गावाचे प्लॉट एकीकडे आणि आमचे दुसऱ्या टोकाला, मध्ये रुंद रस्ता. नाला सापडला नाही तर रस्ता आखला. ती रेघ ज्यानं ओढली त्याच्या नोकरीला कधी धक्का लागला नाही, त्याच्यावर कोणाची तक्रार झाली नाही. आणि तीच रेघ मी शब्दांत लिहिली, तीही माणसं जगावीत म्हणून, तर सही करणाऱ्या पोरीचा पेन अडतो.

हे मी त्यांना मोठ्यानं सांगितलं. बहुधा जरा जास्तच मोठ्यानं, कारण बाहेरचा शिपाई आत डोकावला. मॅडमनी नकाशाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मी तेव्हा शाळेत होते, काका."

पलीकडे कापूस झाडावर लोंबत होता. बाया भिंतीवरून चालत होत्या. माझ्या हातात काहीच नव्हतं. ज्याला थांबणं परवडत नाही त्यानं सौदा करू नये, हे मी नांदुऱ्यातच शिकलो होतो. पण उठून चप्पल घालायचीही सोय नव्हती, कारण मला कोणी परत बोलावलं नसतं.

"खोडा," मी म्हणालो. "पण नंबर तसाच ठेवा."

"म्हणजे?"

"दहा झाल्यावर बारा. अकरा रिकामा."

"असं कशाला?"

"चूक झाली म्हणून सांगा. निर्माता कमी शिकलेला हाय म्हणून सांगा."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, पेनानं तो नियम नीट खोडला आणि दहानंतर बाराच ठेवलं. सही केली, शिक्का मारला. माझ्या सगळ्या आयुष्यातला हा सगळ्यात वाईट सौदा. तरी त्यात एक रिकामी ओळ मी सोडवून आणली.

ती पुस्तिका आता प्लॅस्टिकमध्ये घालून इंजिनाच्या पेटीत ठेवली आहे. लाइफ जॅकेट गोदामाय उशाला घेते. यंदा पाणी भरलं, डोंगा रंगवून सोडला, पहाटेच्या धुक्यात इंजिनाचा आवाज पलीकडच्या काठावर आपटून परत यायला लागला. तुरीची फुलं, ओल्या रुमालांचा वास, डब्यातल्या ठेच्याचा वास. सगळं दरवर्षीसारखं. फक्त मी नाल्याच्या तोंडाशी आल्यावर माणसं मोजायला लागलो. इकडची किती, तिकडची किती. आयुष्यभर माल मोजला, पण असं मोजताना मला लाज वाटते आणि लाज वाटली की मी आणखी चिडतो.

परवा दसरा झाला. सकाळी डोंगा भरला. सगळे गावाकडचे. आमची वस्ती नागपूरला. मी इंजिन सुरू केलं नाही.

"काऊन थांबला बे?" गोदामायनं विचारलं.

"तुले माहीत हाय, काऊन."

गेल्या वर्षीचं पाणी सगळ्यांच्या लक्षात होतं. एक तरुण पुटपुटला की यंदा बसून राहू, तर त्याच्या आईनंच त्याला गप्प केलं. ऊन चढत होतं. पलीकडे आपटा होता, सीताफळं होती, राखणीशिवाय पडलेला कापूस होता. गोदामाय उठली, डोंग्यातून उतरली, पदर खोचला आणि तो रुंद रस्ता ओलांडून आमच्या वस्तीकडे चालायला लागली. मी तिला त्या बाजूला जाताना पहिल्यांदा पाहिलं.

थोड्या वेळानं तिचा आवाज इथपर्यंत आला. "रत्ने! चाल व लवकर! तुमच्याबिगर डोंगा सुटत नाही!"

"मी का वजन म्हणून येऊ?" रत्नाचा आवाज.

"हाव, वजन म्हणूनच ये! कडी लाव दाराले!"

रत्ना आली. तिच्यासोबत नागपूरला न गेलेले दोन म्हातारे, एकाच्या हातात काठी. पुरेसे नव्हते, मला दिसत होतं. पण गोदामाय त्यांना हाताला धरून डोंग्यात चढवत होती आणि मला नाही म्हणता येईना. जाताना हात रिकामे, वाकून टाकायला काही नाही, म्हणून निभावलं. खरी भीती येतानाची होती. ओंजळीत पानं घेऊन सगळे बसले. नाला आला. चट चट चट, चपला निघाल्या.

गावाकडची माणसं उठली. डावीकडे वाकली. पानं पाण्यावर पडली, पिवळट हिरवी, आणि डोंगा कलायला लागला. उजवीकडे रत्ना आणि दोन म्हातारे हात जोडून उभे होते, विहाराकडे तोंड करून. कमी पडत होते. मी बांबूकडे हात नेला.

तेवढ्यात गोदामायनं मारुतीकडे डोकं झुकवलं, दोन शेजारणींना दंडाला धरलं आणि म्हणाली, "चाल तिकडं." ती दोघींना घेऊन डोंग्याच्या मधून, गाठोड्यांवर पाय देत, उजवीकडे आली आणि रत्नाच्या शेजारी उभी राहिली. विहाराकडे तोंड करून. तिचे हात जोडलेलेच होते. ते मारुतीला जोडलेले खाली घ्यायचे राहिले होते, की इथे येऊन पुन्हा जोडले, मला सांगता येणार नाही. मी पत्र्याची कड पाहत होतो. ती पाण्यापासून वर आली, हळूहळू, आणि डोंगा सरळ झाला.

मी तसाच उभा होतो, हातात बांबू धरून. गोदामायनं मान वळवली.

"पाह्यतो काय बे? हाक ना डोंगा."